पॉटिंजर घराण्याचं बाक

सेंट बोटॉल्फच्या चर्चमध्ये बाकं काय कमी होती? पुढची अख्खी ओळ रिकामी. दर रविवारी रिकामी, ईस्टरला रिकामी, नाताळात बाहेरगावचे पाहुणे आले तरी रिकामी, कारण लिटल ऑक्सबीतला माणूस एक वेळ उभा राहील, पण पुढच्या बाकावर बसायचा नाही. त्यातलं एखादं उचललं असतं तर कुणाच्या बापाचं काय गेलं असतं? पण नाही. चर्च कौन्सिलला संडास बांधायला जागा सापडली ती नेमकी सगळ्यात मागची, उत्तरेच्या भिंतीकडची, जाड दगडी खांबाच्या आडोशाची. म्हणजे सेड्रिक पॉटिंजर यांच्या बाकाची.

रविवारची प्रार्थना संपली होती. लोक हातात कॉफी आणि मऊ पडलेली बिस्किटं घेऊन हवेबद्दल बोलत उभे होते, तेव्हा दाराशी टाचलेला तो कागद पॉटिंजरांनी वाचला. बाक काढणार, तिथे शौचालय, शेजारी चहाचा ओटा. पॉटिंजरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हातात कपबशी असताना सभ्य माणसाला ओरडता येत नाही. ते म्हणाले, "अच्छा. असं आहे होय." आणि बिस्किटाचा तुकडा जरा जोरात तोडला. ओळखणाऱ्यांनी ओळखलं की आता काही खरं नाही.

पॉटिंजर घराणं त्या बाकावर कधीपासून बसत होतं हे कुणालाच सांगता येत नसे, आणि म्हणूनच ते फार फार पूर्वीपासून असणार अशी पॉटिंजरांची खात्री होती. खांबामुळे तिथून प्रवचन देणारा दिसत नाही, म्हणजे त्यालाही आपण दिसत नाही. या जागेवर वडिलांनी पॉटिंजरांना ताठ बसून झोपायला शिकवलं. हे काय कुठल्या शाळेत शिकवतात? पुढे लग्न झालं आणि भिंतीकडची बाजू मॉरीनची झाली.

मॉरीन मात्र गेली चार वर्षं चर्चला येत नव्हती. रविवारचं बीफ भाजायला घातलेलं असतं, ते सोडून कसं यायचं, असं ती म्हणे. पॉटिंजर घरी येऊन ते बीफ मुकाट्याने खात. 'देवावरचा विश्वास उडाला का गं तुझा?' असं बायकोला विचारणं त्यांना भलतंच खासगी वाटे. पण आत कुठेतरी लागलं होतं. भिंतीकडच्या जागेवर ते दर रविवारी तिचं गीतांचं पुस्तक मांडून ठेवत आणि तिथे कुणाला टेकू देत नसत. आज ना उद्या ती परत येईल. आणि यायची तर तिला बसायला तिची जागा नको? की तिने येऊन तिथे संडास बघायचा? खरं दुखणं हे होतं. बाकी घराण्याचा इतिहास वगैरे सगळं वरचं.

सोमवारी ते व्हिकरकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे गेले. ही व्हिकर म्हणजे फिलिपा, तरुण बाई, नवीनच आलेली, आणि सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारणारी. पॉटिंजरांना त्यांच्या बँकेतल्या साहेबाने वीस वर्षांत कधी सेड्रिक म्हटलं नव्हतं.

"हरकत जरूर घ्या, सेड्रिक," फिलिपा म्हणाली. "फक्त एक आहे. तुमचं नाव यादीत नाहीये."

"कसल्या यादीत?"

"पॅरिशच्या सभासदांच्या. दर सहा वर्षांनी ती पुसून नवी करतात. सगळ्यांनाच नव्याने फॉर्म भरावा लागतो."

फॉर्म आला होता हे पॉटिंजरांना आठवत होतं. फॉर्म वाचून त्यांना हसू आलं होतं तेही आठवत होतं. पॉटिंजरांनी सेंट बोटॉल्फचं सभासद होण्यासाठी अर्ज करायचा? उद्या स्वतःच्या घरात शिरायला अर्ज कराल. मॉरीनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आपला फॉर्म भरला आणि यांनी आपल्या फॉर्मवर चहाची किटली ठेवली. आत्ताही अर्ज करायची त्यांची तयारी नव्हती.

बरं, मग गावात राहणारा माणूस म्हणून हरकत घेतो, असं ते म्हणाले. त्यावर फिलिपाने एक नकाशा काढला आणि फार हळुवारपणे सांगितलं की पॅरिशची, म्हणजे या चर्चच्या मुलखाची, हद्द ओढ्यापाशी संपते. पॉटिंजरांचा बंगला ओढ्याच्या पलीकडे. म्हणजे कायद्याने ते वेस्ट टिलिंगचे. वेस्ट टिलिंगचे! ज्या गावाच्या क्रिकेट संघाने पॉटिंजरांच्या वडिलांना खोटं बाद दिलं, ज्या गावात त्या दिवसापासून पॉटिंजरांनी साधं पोस्टाचं तिकीटसुद्धा घेतलं नाही, त्या गावचे! घरी येऊन त्यांनी ओढ्याकडे असं बघितलं की ओढ्याला काही अब्रू असती तर तो सरकला असता.

आता उरला एकच मार्ग. आर्चडीकन स्वतः जागा बघायला येणार होते. आर्चडीकन म्हणजे बिशपचा उजवा हात. चर्चमधलं काहीही हलवायचं तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्या दिवशी गावासमोर सगळ्यांचं ऐकून घेणार होते. घराण्याचा आणि बाकाचा जुना संबंध पुराव्यानिशी दाखवलात तर तुमचंही ऐकतील, असं फिलिपा म्हणाली. पॉटिंजरांनी विडा उचलला.

चर्चच्या जुन्या नोंदवह्या आता चर्चमध्ये राहिलेल्या नाहीत. त्या काउंटीच्या दप्तरखान्यात नेऊन ठेवल्या आहेत. हा आणखी एक अन्याय. स्वतःच्या पणजोबांना भेटायला पॉटिंजरांना दोन बस बदलून जावं लागलं. तिथे आधी त्यांचा कोट काढून घेतला, मग पेन, मग छत्री, आणि शेवटी तोंडातली पेपरमिंटची गोळी. हातात एक शिसपेन्सिल दिली. मग वही आली. वहीसाठी मऊ उशी होती. पॉटिंजरांसाठी लाकडी खुर्ची होती. माणसापेक्षा वहीची बडदास्त जास्त, असं ते तिथल्या बाईंना हळूच म्हणाले, तर बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

वहीत पॉटिंजर कमी नव्हते. बाप्तिस्मा झालेले पॉटिंजर, लग्न झालेले पॉटिंजर, पुरलेले पॉटिंजर. ओबडाया, जोशुआ, टॅबिथा, पुन्हा ओबडाया. जन्मले कधी, मेले कधी, सगळं चोख. पण बसले कुठे? एका शब्दाने उल्लेख नाही. इतक्या व्हिकरांनी इतकी शतकं पगार खाल्ला आणि माणूस कुठल्या बाकावर बसतो ही साधी गोष्ट एकालाही लिहून ठेवावीशी वाटली नाही. पॉटिंजर डोळे चोळत संध्याकाळच्या बसने परत आले, तेव्हा ते जिवंत व्हिकरपेक्षा मेलेल्या व्हिकरांवर जास्त चिडले होते.

शेजारी हंफ्री नोक्स कुंपणाशी वाटच बघत होते. नोक्स हे निवृत्त सर्व्हेअर. स्वतःच्या बागेत कधी कुदळ मारायचे नाहीत, पण दुसऱ्याची बाग कशी खणावी हे सांगण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी सांगितलं की कागदबिगद सोडून दे, वटवाघळं शोध. ज्या छताखाली वटवाघळं राहतात तिथे खिळासुद्धा ठोकता येत नाही, सरकारी कायदाच आहे. सेंट बोटॉल्फमध्ये नसतील? असणारच. दे तक्रार ठोकून.

पॉटिंजरांनी दिली. वटवाघळांच्या संस्थेकडून एक उत्साही बाई आल्या, गळ्यात दुर्बीण, पायात गमबूट. त्यांनी चर्चचा कानाकोपरा बघितला आणि सांगितलं की इथे फार थंडी आहे, इथे वटवाघूळ राहणार नाही. पॉटिंजरांचा चेहरा पडलेला बघून बाईंना वाटलं, केवढं हे प्राणिप्रेम! त्यांनी पॉटिंजरांच्या घरी चहा घ्यायचं कबूल केलं. आणि चहाचा कप हातात असतानाच त्यांची नजर खिडकीबाहेरच्या कठड्यावर गेली. तिथे बारीक काळ्या लेंड्या पडल्या होत्या.

पॉटिंजरांच्या माळ्यावर वटवाघळांचं बाळंतपण चाललेलं होतं. एक नाही, दोन नाही, सबंध प्रसूतिगृह. बाई आनंदाने रडायच्या बाकी राहिल्या. आणि पॉटिंजरांच्या गळक्या छताची दुरुस्ती, जिच्यासाठी माणूस पुढच्याच आठवड्यात येणार होता, ती पिल्लं उडायला लागेपर्यंत बंद. पाऊस आला की मॉरीन मुकाट्याने जिन्यात बादली ठेवायची. ते जास्त झोंबायचं. नोक्स मात्र कुंपणापलीकडून म्हणाले की कायदा कडक आहे हे मी तुला आधीच सांगितलं होतं.

त्यांचा पुढचा सल्ला संगणकावरचा होता. जगभरचे लोक घराण्यांचे वंशवृक्ष टाकतात म्हणे त्यावर. कुणाकडे तरी एखादं जुनं पत्र, एखादं चित्र असेल. पॉटिंजरांनी दोन बोटांनी टाइप करून विचारणा टाकली: लिटल ऑक्सबीचे पॉटिंजर चर्चमध्ये कुठे बसत याचा पुरावा असल्यास कृपया कळवावे. पुरावा आला नाही. डार्लीन आली.

डार्लीन पॉटिंजर, ओहायो, अमेरिका. दुसऱ्या ओबडायाचा धाकटा मुलगा बोटीत बसून गेला होता, त्याच्या वंशातली. येतेय म्हणून कळवलं काय आणि नवऱ्याला घेऊन हजर झाली काय. दोघांच्या जाकिटांवर पाठीमागे मोठ्या अक्षरात पॉटिंजर लिहिलेलं. पॉटिंजरांनी स्वतःचं नाव इतकं मोठं फक्त थडग्यांवर बघितलं होतं. तिने भर रस्त्यात त्यांना मिठी मारली. ती सोडेपर्यंत पॉटिंजर काठीसारखे उभे होते.

रविवारी पॉटिंजर चर्चमध्ये शिरले, तर बाकावर डार्लीन. त्यांच्या जागेवर नवरा, मॉरीनच्या जागेवर ती. गीतांचं पुस्तक उचलून तिने मांडीवर घेतलं होतं आणि डोळे पुसत होती.

आता काय करायचं? 'उठा, ही माझी जागा आहे' असं म्हणायचं? असं लिटल ऑक्सबीत कुणी कुणाला कधी म्हटलेलं नाही. आपल्या जागेवर परका बसला की शेजारी उभं राहायचं, खोकायचं, आणि परका शरमून उठण्याची वाट बघायची. पॉटिंजर खोकले. डार्लीनने त्यांना खोकल्याची गोळी दिली. ते पुन्हा खोकले. तिने अख्खी पुडी दिली. तेवढ्यात ऑर्गन सुरू झाला, लोक उभे राहिले, आणि मधल्या वाटेत एकटे उरलेले पॉटिंजर जिथे जागा दिसली तिथे जाऊन बसले. म्हणजे पुढच्या बाकावर. अगदी पहिल्या.

मागे कुजबुज झाली. सेड्रिक पॉटिंजर पुढे बसला. नक्की काहीतरी झालंय त्याला. आजारी असेल, नाहीतर साक्षात्कार झाला असेल. त्या दिवशी त्यांना प्रवचनभर जागं राहावं लागलं आणि फिलिपाकडे बघावंही लागलं. प्रार्थनेनंतर तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि पुढच्या रविवारी बायबलमधला उतारा तुम्हीच वाचा असा आग्रह केला. पॉटिंजर नाही म्हणू शकले नाहीत. डार्लीनने मात्र कॉफी पिता पिता मोठ्या आवाजात विचारलं, की इथे बाथरूम कुठे आहे? नाही, असं कळल्यावर ती म्हणाली, की एवढं सुंदर चर्च आणि माणसांनी जायचं कुठे? सगळे हवेबद्दल बोलायला लागले.

अखेर आर्चडीकन आले. उंच, किरकोळ माणूस, चर्चमध्येही ओव्हरकोट न काढणारा. सगळं गाव जमलं होतं. पॉटिंजर भाषण खिशात घालून खांबाशी उभे होते, आणि इतक्यात दार करकरलं आणि मॉरीन आत आली.

चार वर्षांनी ती आली होती. कुणासाठी? दुसऱ्या कुणासाठी येणार? बाकासाठी, घराण्यासाठी, नवऱ्यासाठी. त्यांनी रुमालाने तिची जागा पुसली. पण मॉरीन दाराजवळच्याच खुर्चीवर टेकली. लाजली असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि दुप्पट जोराने भाषणाला सुरुवात केली.

भाषण उत्तम झालं. त्यात ओबडाया आले, टॅबिथा आली, वडिलांचं ते खोटं बाद देणंही कसं कोण जाणे पण आलं. "आणि मी विचारतो," पॉटिंजर शेवटी कडाडले, "इतकी शतकं या गावाने इथे देवाचं नाव घेतलं, ते संडास नव्हता म्हणून कधी अडलं का? आहे तरी कुणाला हवा हा संडास?"

"मला हवाय, सेड्रिक."

मॉरीन उभी राहिली होती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"चार वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं, त्यानंतर मला अर्ध्या तासाच्या वर दम धरवत नाही," ती आर्चडीकनांना म्हणाली, पण बघत होती नवऱ्याकडे. "शेवटचं आले होते, तेव्हा या बाकाची कड मी हाताला वळ उठेपर्यंत धरून ठेवली होती. तू शेजारी झोपला होतास. देवाकडे मी एवढंच मागत होते की घरापर्यंत पोचू दे. नाही पोचले. ओढ्यावरच्या पुलाशीच झालं. पाऊस होता म्हणून कुणाला कळलं नाही. तुलाही नाही. तेव्हापासून मी येत नाही. बीफचं काय, ते आपलं आपण भाजतं."

पॉटिंजरांनी हातातला कागद खाली केला.

"मला सांगायचं तरी होतंस," ते म्हणाले.

"कसं सांगणार? आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, तुझ्या तोंडून संडास हा शब्द मी आज पहिल्यांदा ऐकला. तोही चर्चमध्ये."

लिटल ऑक्सबीतल्या झाडून सगळ्या माणसांनी आपापले बूट निरखायला घेतले. आर्चडीकन चष्मा पुसत राहिले. पॉटिंजरांनी भाषणाची घडी घातली, ती पुन्हा घातली, आणि घसा खाकरून म्हणाले की मी हरकत मागे घेतो. त्यावर फिलिपाने कानाशी येऊन सांगितलं की तुमचं नाव यादीत नसल्यामुळे हरकत दाखलच झालेली नव्हती, त्यामुळे ती मागे घेता येणार नाही. माणसाने माघार घ्यायची तर तीही या लोकांत धड घेऊ देत नाहीत.

त्या दिवशी दोघं ओढ्यावरच्या पुलावरून बरोबर घरी गेली. पुलाशी पॉटिंजर थांबले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण आयुष्यभर जे बोलले नाहीत ते शब्द एकदम कुठून आणायचे? "थंडी आहे," ते म्हणाले, आणि आपला मफलर काढून तिच्या गळ्यात घातला. मॉरीन म्हणाली, हो, आहे खरी.

दुसऱ्या सकाळी पॉटिंजर पुन्हा संतापलेले होते, पण संताप आता उलट्या दिशेला चालला होता. संडास अजून का होत नाही? त्यांनी फॉर्म मागवून भरला, रीतसर यादीत नाव घातलं, आणि कौन्सिलच्या मागे हात धुऊन लागले. गटाराचा चर उत्तरेच्या दफनभूमीतून खणायचा होता, तिथे हाडं लागली आणि पुरातत्त्ववाल्यांनी काम थांबवलं. पॉटिंजर तडक तिथे गेले. "माझ्याच घरातली माणसं आहेत ती," ते म्हणाले. "मी सांगतो. जरा सरकवा त्यांना."

पैसे कमी पडत होते, ते ओहायोहून आले. डार्लीनने पाठवले, एकाच अटीवर. ती अट पॉटिंजरांना कळली ती दार बसवल्यावर. दारावर पितळी पाटी होती, चकचकीत, सुबक अक्षरांची: पॉटिंजर घराण्याच्या प्रेमळ स्मरणार्थ. सबंध चर्चमध्ये पॉटिंजर हे नाव लावलेली पहिली पाटी, आणि ती इथे. "मी अजून जिवंत आहे!" असं ते फिलिपाला म्हणाले. आता ते यादीत होते, हरकत घेऊ शकत होते. पण पाटीचा ठराव कौन्सिलने कधीच संमत केला होता आणि त्याला अनुमोदन दिलं होतं मॉरीनने. पॉटिंजरांनी कपाळाला हात लावला.

बाक खांबाच्या अलीकडे सरकवलं होतं. आता तिथून प्रवचन दिसत होतं, म्हणजे झोपेचं नाव नको. पण पहिल्याच रविवारी भिंतीकडच्या बाजूला मॉरीन बसली होती, निळी हॅट घालून. पॉटिंजर समोर रागाने बघत होते आणि अधूनमधून बाजूला बघत होते.

प्रवचन अर्ध्यावर आलं आणि मॉरीन उठली. पॉटिंजरांनी गुडघे बाजूला केले. ती गेली, पितळी पाटीचं दार हलकेच लागलं. मग थोड्या वेळाने त्या जुन्या दगडी भिंतींमध्ये पाण्याचा असा काही घोष घुमला, की फिलिपासुद्धा वाक्य मध्येच सोडून थांबली. टाकी स्वस्तातली बसवली होती, दुसरं काय. मॉरीन बाहेर आली, तर सगळी डोकी मागे वळलेली. ती दाराशीच थबकली. मान खाली गेली. पुन्हा कधी यायची नाही ती, असं पॉटिंजरांच्या मनात चर्रकन आलं.

ते उभे राहिले. ज्या माणसाने या चर्चमध्ये जन्मभर गाण्यापलीकडे आवाज काढला नव्हता, त्याने सगळ्या लिटल ऑक्सबीवरून नजर फिरवली, नोक्सवर, फिलिपावर, प्रत्येकावर.

"काय बघताय?" पॉटिंजर म्हणाले. "समोर बघा."

सगळी डोकी समोर वळली. पॉटिंजर वाटेत उतरून उभे राहिले, मॉरीनला आधी आत जाऊ दिलं, आणि मग तिच्या शेजारी बसले.